पंचेचाळीस पेन्स, सोळा आणे आणि देवळालीचे कापरेकर मास्तर

आजच्या भागात गणिताच्या इतिहासातली एक गोष्ट आहे, तेव्हा घरातल्या मुलांनाही हाक मारा. हाताशी एक पेन आणि एखाद्या जुन्या पाकिटाची कोरी बाजू असू द्या. ऐकता ऐकता थोडे हिशेब करायचे आहेत.

पहिला हिशेब सोपा. समजा, पंचेचाळीस मुलांनी प्रत्येकी पंचेचाळीस पेन्स वर्गणी दिली. किती जमले? २०२५ पेन्स, म्हणजे २० पौंड २५ पेन्स. आता त्या २० आणि २५ ची बेरीज करा. परत ४५! पंचावन्न मुलांनी पंचावन्न पेन्स दिले, तर ३० पौंड २५ पेन्स होतात, आणि ३० अधिक २५ म्हणजे ५५. मात्र शेहेचाळीस मुलांनी शेहेचाळीस पेन्स देऊन बघा. २१ पौंड १६ पेन्स होतात आणि बेरीज येते ३७. म्हणजे हे कोणालाही जमण्यातलं नाही.

ज्या संख्यांना हे जमतं त्यांना जगभर ‘कापरेकर संख्या’ म्हणतात. हे कापरेकर म्हणजे आपले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर, नाशिकजवळच्या देवळालीचे शाळामास्तर.

पण थांबा. पौंडाचे शंभर पेन्स झाले ते १५ फेब्रुवारी १९७१ पासून. त्याआधी इथे बारा पेन्सचा शिलिंग होता आणि वीस शिलिंगांचा पौंड. त्या जुन्या नाण्यांत २०२५ पेन्स म्हणजे ८ पौंड ८ शिलिंग ९ पेन्स. यांची कशीही बेरीज करा, पंचेचाळीस काही येत नाहीत. मुलं तीच, वर्गणी तीच, आणि गंमत गेली. मग ही गंमत पंचेचाळिसाची होती की शंभराची?

वरवर पोरकट वाटतो, पण हाच प्रश्न कापरेकरांच्या सगळ्या आयुष्याला चिकटून राहिला. त्यांच्या कामाला मान द्यायचा की हसून सोडून द्यायचं, याचं उत्तर पुष्कळांनी याच प्रश्नावर ठरवलं.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ चा, डहाणूचा. आठ वर्षांचे असतानाच आई गेली. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. कुंडली मांडायची तर आकडेमोड आलीच. आकड्यांची गोडी मुलाला तिथूनच लागली. शाळा ठाण्याला झाली, कॉलेज पुण्यात फर्ग्युसनला. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं. केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिला आलेला पहिला भारतीय म्हणजे हेच परांजपे, साल १८९९. पारितोषिक मिळालं तरी कापरेकर केंब्रिजला गेले नाहीत. १९२९ ला मुंबई विद्यापीठाची बीएस्सी झाली आणि १९३० पासून ते देवळालीच्या शाळेत शिकवू लागले, ते थेट १९६२ साली निवृत्त होईपर्यंत. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठातली नोकरी नाही, मार्गदर्शक नाही. शाळा सुटली की वही काढायची आणि संख्यांशी बोलत बसायचं.

त्या वहीतला सगळ्यात प्रसिद्ध शोध १९४६ सालचा. तो तुम्ही आत्ता करून बघा. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. आपण मास्तरांचं जन्मसाल घेऊ, १९०५. अंक उतरत्या क्रमानं लावले की ९५१०, चढत्या क्रमानं लावले की ०१५९. वजा करा, ९३५१. पुन्हा तेच, ९५३१ वजा १३५९, उत्तर ८१७२. पुढे ८७२१ वजा १२७८, ७४४३. मग ३९९६, मग ६२६४, मग ४१७६, आणि सातव्या पायरीला ६१७४. आता ६१७४ वर तीच क्रिया करा. ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४. गाडी शेवटच्या स्टेशनात आली, पुढे रूळ नाहीत. कोणत्याही संख्येपासून निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथेच याल. मधे कुठे शून्य आलं तर ते गाळायचं नाही, एवढंच पथ्य.

१९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी हे मांडलं आणि १९५५ साली ते ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ या नियतकालिकात छापून आलं. आज ६१७४ ला ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणतात. त्या काळी मात्र आपल्याकडच्या अनेक गणितज्ञांना हे सगळं क्षुल्लक वाटलं. कापरेकर परिषदांना जात, हौसेनं आपल्या संख्या सांगत, आणि लोक हसत. त्यांचं लेखन बहुतेक साध्या मासिकांतून आलं, किंवा देवळालीत पदरमोड करून छापलेल्या पुस्तिकांतून.

हसण्यामागचा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. तो सगळ्यात नेमका मांडला आहे इथल्याच एका मोठ्या माणसानं, जी. एच. हार्डी यांनी. रामानुजनला केंब्रिजला बोलावून घेणारे ते हेच हार्डी. १९४० साली त्यांनी आपल्या एका छोट्या पुस्तकात दोन संख्यांचं उदाहरण दिलं, ८७१२ आणि ९८०१. उलट लिहिलेल्या स्वतःच्याच पटीत असलेल्या चार अंकी संख्या एवढ्या दोनच. ८७१२ ही २१७८ ची चौपट आणि ९८०१ ही १०८९ ची नऊपट. हार्डींचं म्हणणं असं की हे कोड्यांच्या सदराला ठीक आहे, हौशी लोकांची करमणूक होईल, पण गणितज्ञाला त्यात घेण्यासारखं काही नाही. त्यांनी हे कापरेकरांबद्दल लिहिलेलं नाही, पण कापरेकरांवर हसणारे याच मताचे होते. कारण उघड आहे. ‘अंक उलटे करा’, ‘अंकांची बेरीज करा’ असं म्हटलं की तुम्ही संख्येबद्दल बोलत नसून तिच्या लिहिण्याबद्दल बोलत असता. आपण दहाच्या गटांनी लिहितो, कारण हाताला बोटं दहा. बोटं आठ असती तर ६१७४ ची काय कथा?

दहाच्या गटांऐवजी दुसऱ्या कशाच्या तरी गटांनी संख्या लिहिणं याला ‘पाया बदलणं’ म्हणतात. आपला नेहमीचा पाया दहा. संगणकाचा दोन, आणि संगणकवाल्यांच्या सोयीचा सोळा. घरात कोणी कोडिंग शिकत असेल तर विचारा. वेबपानावर पांढऱ्या रंगाचा कोड सहा वेळा एफ असा असतो, आणि तिथे एफ म्हणजे पंधरा. एका घरात पंधरापर्यंत मोजायचं, सोळा झाले की पुढच्या घरात एक.

हे ऐकून आजी-आजोबांनी हसायला हरकत नाही. कारण सोळाचा पाया त्यांनी संगणकाच्या कितीतरी आधी पाठ केलेला होता. सोळा आण्यांचा रुपया! चवली दोन आण्यांची, पावली चार आण्यांची, अधेली आठ आण्यांची. शेराचे छटाकही सोळाच. पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी, औटकी घोकल्याशिवाय बाजारात निभाव लागत नसे, आणि एखादी गोष्ट शंभर टक्के खरी असली तर ती ‘सोळा आणे खरी’. मोडीच्या दप्तरांत पावासाठी उभी रेघ आणि आण्यासाठी आडवी-तिरपी रेघ. दोन्ही जास्तीत जास्त तीन, चौथी झाली की वरच्या घरात. म्हणजे हा खरं तर चारचा पाया झाला. या रेघांना आजच्या युनिकोडमध्येही जागा दिलेली आहे, पण फोनवर त्या कोणी वापरताना दिसत नाही.

रुपयाचे शंभर नवे पैसे झाले १ एप्रिल १९५७ ला. म्हणजे कापरेकरांनी ६१७४ शोधला तेव्हा त्यांची वही दहाच्या पायात होती आणि खिसा सोळाच्या. हे मला फार गमतीचं वाटतं. टीकाकार ज्या ‘दुसऱ्या पाया’बद्दल बोलत होते, तो देवळालीच्या भाजीबाजारात रोज भेटत होता.

तर चला, वर्गणी आता आण्यांत गोळा करू. सहा जणांनी प्रत्येकी सहा आणे दिले. छत्तीस आणे, म्हणजे २ रुपये ४ आणे. दोन आणि चार सहा! दहा जणांनी दहा आणे दिले. शंभर आणे, ६ रुपये ४ आणे. सहा आणि चार दहा! पंधरा जणांनी पंधरा आणे दिले. २२५ आणे, १४ रुपये १ आणा, बेरीज पंधरा. म्हणजे कापरेकरांची गंमत आण्यांतही आहे. फक्त तिथल्या संख्या वेगळ्या आहेत.

असं का होतं? शंभर आण्यांचे ६ रुपये ४ आणे केले आणि सहात चार मिळवले, तेव्हा आपण काय केलं? सोळा आण्यांचा प्रत्येक रुपया एक म्हणून मोजला. म्हणजे दर रुपयामागे पंधरा गाळले. सहा रुपये, सहा वेळा पंधरा, नव्वद गळाले. शंभरातून नव्वद गेले, राहिले दहा. तेव्हा सगळी गोम पंधरात आहे, सोळाहून एक कमी. दहाचा वर्ग वजा दहा, म्हणजे दहा गुणिले नऊ, याला पंधरानं भाग गेला पाहिजे. तो जातो. सहा गुणिले पाच तीस, जातो. पंधरा गुणिले चौदा, जातोच. बाकी कुठल्या लगतच्या जोडीला जात नाही, स्वतः एक सोडला तर. पंधरा म्हणजे पाच त्रिक. सहाच्या जोडीत सहाकडे तीन आहेत आणि पाचाकडे पाच. दहाच्या जोडीत दहाकडे पाच आणि नवाकडे तीन. कामाची वाटणी झाली.

आता जुन्या शिलिंगात या. बारा पेन्सचा शिलिंग, बारातून एक गेला अकरा. अकराचे तुकडे पडत नाहीत, ती मूळ संख्या. वाटणी करायला काही नाही, म्हणून तिथे फक्त अकराच चालतात. अकरा जणांनी अकरा पेन्स, १२१ पेन्स, १० शिलिंग १ पेनी. आणि आजचा पौंड? शंभरातून एक गेला नव्व्याण्णव, म्हणजे नऊ गुणिले अकरा. पंचेचाळिसात नऊ आहेत आणि चव्वेचाळिसात अकरा. पंचावन्नात अकरा आहेत आणि चोपन्नात नऊ. सुरुवातीचं कोडं इथे सुटलं. गंमत एकट्या पंचेचाळिसाचीही नाही आणि एकट्या शंभराचीही नाही. ती नव्व्याण्णवचे तुकडे कसे पडतात याची आहे.

कापरेकरांच्या यादीत याहून मोठ्या संख्या आहेत. उदाहरणार्थ ७०३. तिचा वर्ग ४९४२०९, आणि ४९४ अधिक २०९ म्हणजे ७०३. नियम तोच, फक्त नव्व्याण्णवच्या जागी ९९९. डग्लस इयानुची नावाच्या गणितज्ञांनी २००० साली हे सगळं नीट सिद्ध करून मांडलं. ९, ९९, ९९९ यांचे एकमेकांत सामायिक अवयव नसलेले दोन भाग पाडा, तुम्हाला कापरेकर संख्या मिळतात, एकही जास्त नाही की कमी नाही. आता याला कोड्यांचं सदर कसं म्हणायचं?

पण घाई नको. टीकाकारांचं कुठे बरोबर होतं तेही बघू, आणि त्यासाठी खुद्द ६१७४ लाच आण्यांच्या बाजारात नेऊ. सोळा आण्यांचा रुपया आहेच. समजा, सोळा रुपयांची एक मोहोर आणि सोळा मोहरांची एक थैली. तर ६१७४ आणे म्हणजे १ थैली, ८ मोहरा, १ रुपया आणि १४ आणे. सोळाच्या पायात आपला नामवंत ६१७४ असा दिसतो, एक-आठ-एक-चौदा. त्याच्यावर तीच क्रिया करा. उतरता क्रम चौदा-आठ-एक-एक, चढता एक-एक-आठ-चौदा. वजाबाकी करताना हातचा दहाचा नाही, सोळाचा घ्यायचा. उत्तर येतं तेरा-सहा-आठ-तीन. म्हणजे स्थिर राहणं संपलं. पुढे दहा-एक-तेरा-सहा. मग बारा-तीन-अकरा-चार. मग नऊ-सहा-आठ-सात. मग तीन-शून्य-चौदा-तेरा. मग चौदा-नऊ-पाच-दोन. आणि मग पुन्हा बारा-तीन-अकरा-चार! हा चौघांचा फेर सुरू झाला, आता तो कधी थांबत नाही. शेवटचं स्टेशन नाहीच, गाडी गोल फिरते आहे. तेव्हा सोळाच्या पायात सगळ्या संख्यांना पोटात घेणारी एकच चार घरांची संख्या असूच शकत नाही. ६१७४ ची जादू सोळात टिकत नाही. एवढं मान्य करायलाच हवं.

आता चाराऐवजी तीन अंक घ्या. तिथेही असा एक स्थिरांक आहे, ४९५. ९५४ वजा ४५९, पुन्हा ४९५. हा सोळात नेला तर? तिथे स्थिरांक आहे सात-पंधरा-आठ. बाराच्या पायात आहे पाच-अकरा-सहा. तिन्ही शेजारी लिहून बघा. दहात चार-नऊ-पाच, बारात पाच-अकरा-सहा, सोळात सात-पंधरा-आठ. मधे त्या पायातला सगळ्यात मोठा अंक, आणि दोन बाजूंना त्याचेच दोन भाग, एकाचं अंतर ठेवून. मधला अंक मोठा का? तीन अंक उलटसुलट केले तरी मधला जागचा हलत नाही. स्वतःतून स्वतः वजा होताना त्याला एक हातचा द्यावा लागतो, म्हणून तिथे नऊ उरतात, किंवा अकरा, किंवा पंधरा. कोणताही सम पाया घ्या, हा स्थिरांक तुमची वाट पाहत असतो. विषम पायात मधल्या अंकाचे असे दोन भाग पडत नाहीत, म्हणून तिथे एक नाही, दोन संख्या आळीपाळीनं येतात. पाचच्या पायात २४२ आणि १४३ अशा एकमेकींकडे चेंडू टाकत बसतात.

बघा काय झालं. दोन्ही शोध दहाच्या पायात दिसायला जुळी भावंडं. पाया बदलला तसे वेगळे निघाले. ४९५ हा नियम निघाला आणि ६१७४ हे दहाचं खास लेणं. पाचच्या पायात मात्र ६१७४ चा एक नातेवाईक आहे, ३०३२. चार अंकांचा, आणि तसाच सगळ्यांना गिळणारा. म्हणजे दहाला असं लेणं मिळालं त्याचा पाचाशी काहीतरी संबंध असावा, असा संशय कोणालाही येईल. कुठल्या कुठल्या पायात चार अंकी स्थिरांक असतो?

या प्रश्नाचं पूर्ण उत्तर देणारा लेख १९७८ साली जर्मनीतल्या क्रेले यांच्या नियतकालिकात आला. गणिताच्या जगातलं हे अत्यंत मानाचं ठिकाण, १८२६ पासून चालू. लेखक दोन, प्रिचेट आणि हेल्मुट हासे. हासे म्हणजे विसाव्या शतकातल्या संख्याशास्त्राच्या थोरांपैकी एक, तेव्हा ऐंशीच्या घरात होते. लेखाच्या शीर्षकातच कापरेकर हे नाव आहे. त्या वेळी कापरेकर हयात होते. हौशी माणसाची करमणूक म्हणून ज्या प्रश्नाला हसलं गेलं, तो आयुष्याच्या अखेरीस हासेंना हातात घ्यावासा वाटला.

आणि हार्डींच्या त्या ९८०१ चं काय? तीही आण्यांत नेऊन बघू. दहात ती नऊ-आठ-शून्य-एक, उलट केली की एक-शून्य-आठ-नऊ, आणि पट नऊ. सोळात घ्या एक-शून्य-चौदा-पंधरा. तिची पंधरापट किती? पंधरा-चौदा-शून्य-एक! बरोबर उलटी. बारात एक-शून्य-दहा-अकरा, तिची अकरापट अकरा-दहा-शून्य-एक. कारण ९८०१ म्हणजे ९९ चा वर्ग, आणि हे वर्गाचं गणित कुठल्याही पायात तसंच चालतं. ज्यात काही नाही म्हणून हार्डींनी उदाहरण दिलं, तोच सगळ्या पायांचा कायदा निघाला! हार्डी फार मोठे होते, आणि दहाच्या पायावर फार जीव टाकू नये हेही त्यांचं खरं. पण पाया बदलून एकदा बघायला काय हरकत होती?

कापरेकरांच्या ‘डेम्लो’ संख्यांचंही असंच. मुंबईपासून तीसेक मैलांवरच्या त्या वेळच्या एका रेल्वे स्टेशनच्या नावावरून त्यांनी हे नाव ठेवलं. १११ चा वर्ग १२३२१. सोळाच्या पायात एक-एक-एक चा वर्ग करा, एक-दोन-तीन-दोन-एक, तस्साच. फरक एवढाच की दहात ही रांग नऊ एकांपर्यंत पुरते आणि सोळात पंधरापर्यंत.

‘हर्षद’ संख्यांना हे नावही त्यांनीच दिलं, हर्ष देणाऱ्या त्या हर्षद. संख्येला तिच्या अंकांच्या बेरजेनं भाग गेला की ती हर्षद. बारा बघा, एक आणि दोन तीन, तीनानं भाग जातो. हार्डी लंडनच्या पटनी भागात आजारी रामानुजनला भेटायला टॅक्सीनं गेले, त्या टॅक्सीचा नंबर १७२९. रामानुजन म्हणाले की दोन घनांची बेरीज म्हणून दोन प्रकारे लिहिता येणारी ही सगळ्यात लहान संख्या. ही गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. तीच १७२९ हर्षदही आहे. अंकांची बेरीज १९, आणि १९ गुणिले ९१ म्हणजे १७२९. आता फरक बघा. रामानुजनचा गुण कुठल्याही पायात जाणार नाही, कारण तो लिहिण्यावर अवलंबूनच नाही. हर्षदपणाचं तसं नाही. जुन्या शिलिंगांच्या बारात १७२९ लिहिली की होते १००१, बेरीज दोन, आणि विषम संख्येला दोनानं भाग कसला जातो? हर्ष गेला. पण आण्यांच्या सोळात तीच होते सहा-बारा-एक, बेरीज पुन्हा १९! म्हणजे सोळात ती पुन्हा हर्षद. याला काही मोठं कारण नाही, योगायोगच, पण गोड योगायोग. सगळ्या पायांत हर्षद राहणाऱ्या संख्या मात्र फक्त चार आहेत, १, २, ४ आणि ६. बारा थोडक्यात हुकतात. बाकी सगळीकडे ठीक, पण आठाच्या पायात बारा लिहिले जातात १४, बेरीज पाच, आणि गाडं अडतं.

माझ्या मते कापरेकरांचं मोठेपण उत्तरांपेक्षा प्रश्नांत आहे. त्यांनी बहुतेक वेळा सिद्धता दिल्या नाहीत, सर्वसाधारण पायाचा विचार फारसा केला नाही, आणि गणितज्ञांची ती तक्रार रास्त होती. पण कोणत्या मातीत पाणी लागेल हे त्यांना कळायचं. खणणारे नंतर आले.

त्यांची शेवटची वर्षं सोपी नव्हती. १९६६ साली पत्नी गेली. शाळामास्तरची पेन्शन, तीही पुरेना, म्हणून म्हातारपणी गणिताच्या नि विज्ञानाच्या शिकवण्या घेत होते. वही मात्र चालू होती. आणि मार्च १९७५ मध्ये अमेरिकेतल्या ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात मार्टिन गार्डनर यांनी आपल्या लोकप्रिय सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं. विषय होता स्वयंभू संख्यांचा. कोणत्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवा, नवी संख्या जन्मते. २१ पासून २४, २४ पासून ३०. पण काही संख्या अशा कोणापासूनच जन्मत नाहीत, उदाहरणार्थ २०, ३१, ४२, ५३, ६४. त्या स्वयंभू. देवळालीवरून त्यांना देवळाली संख्या असंही म्हणतात. गार्डनरांच्या त्या लेखानंतर जगभरातले लोक या प्रश्नांवर बसले. १९८६ साली देवळालीतच मास्तर गेले. १९८६ वर ती ६१७४ ची क्रिया करून बघा. ९८६१ वजा १६८९, पहिल्याच फटक्यात ८१७२ येतात, आणि तिथून पुढची वाट जन्मसालाचीच.

आता मुलांसाठी गृहपाठ. आण्याचे चार पैसे, रुपयाचे सोळा आणे, म्हणजे जुन्या रुपयाचे चौसष्ट पैसे. अमुक इतक्या जणांनी प्रत्येकी तितकेच पैसे दिले, त्यांचे रुपये आणि पैसे केले, आणि दोन्हींची बेरीज पुन्हा तितकीच आली, अशा त्रेसष्टच्या आत दोन संख्या आहेत, एक सोडून. त्रेसष्ट म्हणजे नऊ सत्ते, इतकं सांगून ठेवतो. आजी-आजोबांची मदत घेतली तर चालेल. उत्तर पुढच्या भागात.